भोपळा, बागुलबुवा आणि कोसबाडची टेकडी

हिंजवडीच्या बसमध्ये उभे असाल, भूमकर चौकात अडकला असाल किंवा पोरांना झोपवून आत्ता कुठे मोबाइल हातात घेतला असेल, तर पुढची दहा-बारा मिनिटं माझ्यासोबत राहा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या एपिसोडचं लिखित रूप.

सुरुवात करतो वाकडमधल्या आमच्या सोसायटीपासून. २०२४ ची दिवाळी आठवतेय? त्या वर्षी नरकचतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरला आली होती. म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी! सोसायटीच्या ग्रुपवर लागोपाठ दोन मेसेज पडले. पहिला, पहाटे साडेपाचला क्लबहाउससमोर कारीट फोडायला जमायचं. दुसरा, संध्याकाळी सातला मुलांना भुताखेतांचे कपडे घालून खाली पाठवायचं, चॉकलेटं वाटणार आहोत. झालं! एक काका म्हणाले, ऐन दिवाळीत ही परकी भुतं कशाला? एक आई म्हणाली, काका, पोरांना मजा करू द्या की. रात्री बारापर्यंत ग्रुप पेटलेला होता.

मी गप्प होतो, कारण माझी वेगळीच पंचाईत झाली होती. लेकीच्या प्लेग्रुपमधून निरोप आला होता, ‘मुलांनी स्वतः केलेलं हॅलोविन क्राफ्ट आणा.’ आठवण झाली रात्री साडेदहाला. अ‍ॅपवरून किट मागवलं, ते काही मिनिटांत दारात. आधीच कापलेलं काळं वटवाघूळ, चिकटवायचे डोळे, नारिंगी कागद. लेक झोपली होती. मीच चिकटवलं आणि सकाळी दिलं. दुपारी तिला आणायला गेलो तर भिंतीवर ओळीने वटवाघळं, बहुतेक एकाच साच्यातली. बाई कौतुकाने म्हणाल्या, किती छान केलंयस गं! चार वर्षांची पोरगी त्या वटवाघळाकडे बघत राहिली आणि मला विचारलं, "बाबा, हे कोणाचं आहे?"

त्या रात्री ग्रुपवरचं भांडण मला जरा बिनकामाचं वाटायला लागलं. सण आपला की त्यांचा, हे नंतर बघू. आधी हे बघायला हवं की, ती वस्तू केली कोणी? आणि हा प्रश्न आपल्याकडे फार आधी दोन बायकांनी विचारला होता. त्यांच्यापर्यंत जायचंय, पण वाटेत आधी भोपळा लागतो.

आयर्लंडमधल्या जुन्या केल्टिक लोकांचा साउइन नावाचा सण होता. पिकं घरात आली, थंडी सुरू झाली, आता मेलेली माणसं घराकडे फेरी मारतात, अशी समजूत. आपल्या पितृपक्षाची आठवण येते ना? पुढे ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. २ नोव्हेंबरला मृतांची आठवण काढतात. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी लोक स्मशानभूमीत फुलं, मेणबत्त्या घेऊन जातात. म्हणजे हा काळ मराठी मुलखाला अगदीच अनोळखी नाही.

आयर्लंडमधली पोरं दिवा कशाचा करायची? भोपळ्याचा नाही, शलगमाचा. मुळ्याच्या जातीतला तो गोल, टणक कंद कोरायचा, डोळे-तोंड पाडायचं आणि आत निखारा किंवा मेणबत्ती ठेवायची. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ आला आणि लाखो माणसं अमेरिकेला गेली. तिथे हाताशी आला भोपळा. मोठा, मऊ, कोरायला सोपा. शलगम मागे पडलं.

आता गंमत ऐका. भोपळा परका म्हणणाऱ्या काकांकडे दिवाळीच्या फराळात लाल भोपळ्याचे घारगे असतात! आपला दुधी जुना, पण लाल भोपळ्याचं मूळ अमेरिका खंडातलं. कोलंबसनंतर मिरची, बटाटा, शेंगदाणा जसे समुद्रावरून आले, तसाच तोही आला आणि आपल्या परसात रुजला. तो आपला कसा झाला? आपल्या मातीत लावला, आपल्या हाताने चिरला, म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी वस्तू, कागद. लहान मुलांनी कागदाला घड्या घालायच्या, पट्ट्या विणायच्या, माती मळायची, याला शिक्षण म्हणायचं हे कोणी ठरवलं? जर्मनीत फ्रिडरिश फ्रोबेल नावाचे शिक्षक होते. १८३७ मध्ये त्यांनी छोट्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. मूल हाताने करतं तेव्हा ते विचार करत असतं, हे त्यांचं म्हणणं. सरकारला हे इतकं धोक्याचं वाटलं की १८५१ मध्ये प्रशियात किंडरगार्टनवर बंदी आली. फ्रोबेल दुसऱ्याच वर्षी वारले. बंदी उठली १८६० मध्ये. आज वाकडच्या कुठल्याही गल्लीत जी ‘केजी’ची पाटी दिसते, त्यातला के तो हाच!

१९०७ मध्ये रोममध्ये डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी मजुरांच्या वस्तीत ‘बालकांचं घर’ सुरू केलं. मुलांना शिक्षा नको, बक्षिसाचं आमिष नको, हाताळायला नीट बनवलेली साधनं द्या, ती आपणहून शिकतात, असं त्या म्हणाल्या. पण ठोकळे, दट्टे, मणी अशी ती साधनं अगदी मापात बनवावी लागत आणि महाग पडत. सुरुवात गरिबांच्या मुलांपासून झालेली पद्धत हळूहळू पैसेवाल्यांची होऊ लागली.

इथे येतात ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबई. त्या काळात बी.ए. झालेल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, लहान मुलगी सोबत, राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या, कारण तिथे गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. गिजुभाई वकिली सोडून मुलांमध्ये रमलेले. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. मुलांना मारू नका, भीती दाखवू नका, हे त्या काळच्या आईबापांना ते सतत सांगत राहिले. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ म्हणणाऱ्या घरांतून हे पटवणं किती अवघड असेल, विचार करा.

ताराबाई पुढे मुंबईला आल्या. दादरला त्यांचा शिशुविहार चांगला चालला होता. तरी एक गोष्ट त्यांना छळत होती, हे सगळं शहरातल्या मुलांपुरतंच राहतंय. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. तिथे त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य. मग शिकून शिक्षिका झालेल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवलेल्या.

बोर्डीत दोन अडचणी होत्या. पहिली, वस्तीतली मुलं शाळेत येईनात. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आंघोळ घालण्यापासून सुरुवात. अंगणात भरते ती अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज भारतात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत.

दुसरी अडचण, साधनं. रोमच्या मापाचे ठोकळे बोर्डीच्या वाळूत कोण आणून देणार? मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. समुद्रावर शिंपले होते, ओढ्यात गोटे होते. पानं, फुलं, काड्या, बिया, बांबू, माती. लहान-मोठे शिंपले लावले की क्रम आला. चिंचोके मोजले की अंक आले. पानांचे आकार जुळवले की डोळा तयार झाला. माँटेसरीबाईंचं सूत्र तेच राहिलं, फक्त वस्तू गावच्या झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, शाळा गुरांच्या मागे! ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटापर्यंत, हे काम ओढलं.

मला यातून काय सापडलं? इटलीहून आलेली पद्धत ताराबाईंनी परकी म्हणून टाकली नाही, आणि आली तशी विकतही घेतली नाही. ती मुलांच्या हातात बसेल अशी केली. भोपळ्यासारखीच.

आता हा नियम आपल्याच सणाला लावून बघा. दिवाळीचा किल्ला! दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, मातीचा चिखल लिंपायचा, हळीव किंवा मोहरी पेरायची, बुरुज, पायऱ्या, वर महाराज आणि मावळे. उतार किती ठेवला की पाणी टाकल्यावर दरड कोसळते, हे पोराला कुठल्या पुस्तकातून इतकं कळणार? पण आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. आणले, ठेवले, फोटो काढला. तो किल्ला मराठी आहे, पण माझ्या त्या वटवाघळाचा सख्खा भाऊ आहे. उलट गोव्यात बघा, वाड्यावाड्यातली पोरं कितीतरी दिवस खपून गवत-कागदाचा अक्राळविक्राळ नरकासुर उभा करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. भीतीचा पुतळा स्वतः बनवायचा आणि स्वतःच संपवायचा. भीती घालवायचा याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

तर मंडळी, तुमच्याही ग्रुपवर हॅलोविनचा मेसेज येणार. तेव्हा किट मागवण्याआधी हे करून बघा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना जमतं.

लाल भोपळा आणा. सुरी तुमच्या हातात, आतला गर आणि बिया मुलाच्या हातात. बुळबुळीत लागतं, ‘ई’ म्हणतं, चालू द्या. बिया धुवायच्या, दहा-दहाचे ढीग करायचे, वाळवायच्या. काही कुंडीत पेरायच्या, बाकीच्यांना रंग देऊन चेहरा चिकटवायचा. गराचे घारगे.

पिंपळाची पानं दोन-तीन आठवडे पाण्यात भिजत ठेवा, मधूनमधून पाणी बदला. मग मऊ ब्रशने हलकेच घासा. हिरवं निघून जातं आणि जाळी उरते. पानाचा सांगाडाच तो! पानाला पाणी कुठून मिळतं, हे त्या शिरांत दिसतं.

रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च आणि पुठ्ठ्याच्या आकृत्या घ्या. भूत दिव्याजवळ आलं की सावली मोठी, लांब गेलं की लहान. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार पिढ्यानपिढ्या चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर नाचवत आले आहेत, ती गोष्टही सांगा. एकदा सावली आपल्या मुठीत आली की अंधाराचा धाक कमी होतो.

आणि एक अट. मुलाचं वाकडंतिकडं झालं तर सरळ करायला जाऊ नका. (हो, वाकडमध्ये राहून हा विनोद करायचाच होता!)

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगून थांबतो. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच होऊन गेली. सोसायटीमागे बांधकाम चालू आहे, तिथल्या वॉचमनदादांना विचारून पोरांनी दोन पोती माती आणली होती आणि पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला केला होता. ३१ तारखेपर्यंत हळीव पिवळे पडले होते, एक बुरुज ढासळला होता. लेकीने भोपळ्याच्या बियांचे दात लावलेलं एक पुठ्ठ्याचं भूत केलं. एक डोळा मोठा, एक अगदीच बारका. मला वाटलं ते दारावर लावेल. तिने खाली नेलं आणि ढासळलेल्या बुरुजावर खोचून दिलं. म्हणाली, इथे पहारा नाहीये ना!

त्या काकांनी ते पाहिलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग वाकून विचारलं, "हे कोणी केलं गं?"

"मी," ती म्हणाली.

काका खाली बसले आणि पडलेल्या बुरुजाची माती तिच्यासोबत थापायला लागले.

तुमच्या घरी मुलांनी काय केलं, ते नक्की कळवा. फोटो पाठवलात तर वाकडातिकडा पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, काळजी घ्या!