मातेराचा पाव आणि आपला पाणवठा

दक्षिण इटलीतील मातेरा या प्राचीन गावी आज जगभरचे पर्यटक जातात. दरीच्या उतारावर दगडात कोरलेली घरे पाहतात, तिथला जाड सालीचा पाव खातात आणि परततात. आंबेडकरी तरुणांनीही या गावाचा इतिहास आणि जेवण समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. कारण "जात म्हणजे शेवटी गरिबीच" असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. त्याचे उत्तर मातेरात आहे.

'सास्सी' नावाच्या या गुहावस्तीत शेतमजूर राहत, वरच्या सपाटीवर सुखवस्तू. एकाच गुहेत आईबाप, पोरे, खेचर आणि कोंबड्या. मलेरिया आणि बालमृत्यू घरोघरी. फॅसिस्ट राजवटीने दक्षिणेत हद्दपार केलेले लेखक कार्लो लेव्ही यांनी १९४५च्या पुस्तकात हे हाल मांडले. कम्युनिस्ट नेते तोल्याती यांनी मातेराला राष्ट्राची लाज म्हटले. १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः येऊन पाहून गेले, १९५२ मध्ये कायदा झाला आणि पुढे सुमारे १५,००० लोकांना नव्या वसाहतींत हलवले गेले.

आता त्यांचे जेवण पाहा. कणीक घरी मळायची आणि सार्वजनिक भट्टीत भाजायला द्यायची. पावांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे. त्या शिक्क्याने घर ओळखू येई, विटाळ नव्हे! सुगी संपली की शेजारी मूठ-मूठ हरभरा, मसूर, गहू आणून एकाच हंड्यात शिजवत. त्या पदार्थाला 'क्रापियाता' म्हणतात. सामाईक अंगणातल्या टाक्याचे पाणीही शेजारी मिळून वापरत.

आपल्याकडे काय होते? महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह आपली माणसे पाणी प्यायली, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' केले गेले. विटाळ मानणाऱ्यांत गरीबही होतेच. स्वतः उपाशी असलेला सवर्णही आपला हंडा आपल्याशी वाटून घेत नव्हता. गरिबी माणसांना एका हंड्याभोवती बसवू शकते, जात बसू देत नाही. हा फरक आहे.

म्हणूनच नुसते घर बदलून आपला प्रश्न सुटत नाही. मातेराच्या मजुराला नवे घर मिळाले आणि गुहेची लाज मागे पडली. आपल्याकडे घरकुल मिळते, पण तेही बहुधा गावाबाहेरच्या त्याच वस्तीत. १९४२च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, ती याच कारणाने.

१९९३ मध्ये युनेस्कोने सास्सीला जागतिक वारसा ठरवले. मातेराचा पाव आज युरोपात संरक्षित नावाने विकला जातो. तिथे गरिबाच्या ताटाला प्रतिष्ठा मिळाली. आपल्या चान्या आणि वजडी मात्र अजून भाड्याचे घर मिळण्याच्या आड येतात. शाहू पाटोळे यांना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून हे ताट नोंदवावे लागले.

तेव्हा मित्रांनो, कोणी गरिबी आणि जात एकच म्हणाले, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. पाणवठा कोणाचा होता? हंडा एक होता का?

जयभीम!