मुंबईहून पाठवलेली ड्राइव्हची फाईल उतरत नाही? आधी हे तपासा

मालवण : जमिनीचे जुने कागद मुंबईच्या चाकरमान्याकडे आणि काम इथल्या तहसीलमध्ये, हे तालुक्यात सामाईक जमीन असलेल्या अनेक घरांत चालते. पूर्वी कागद गणपतीला येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून यायचे. आता मुंबईचा भाऊ ते स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर टाकतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवतो. इथे लिंक दाबली की फाईल अर्ध्यावर अडकते. दुसऱ्या दिवशी सुनावणी असेल तर मग घरात फोनाफोनी सुरू होते.

अशा वेळी लोक तीच लिंक दहा वेळा दाबतात. त्याने काही होत नाही. स्क्रीनवर काय लिहून आलेय ते आधी नीट वाचावे, अर्धे उत्तर तिथेच असते.

‘ॲक्सेस हवा’ असे आले तर आपल्या मोबाईलचा काही दोष नाही. पाठवणाऱ्याने परवानगी दिलेली नाही. त्याने शेअरमध्ये जाऊन आपला जीमेल पत्ता टाकायचा. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय सोपा आहे, पण आधार, पॅन, खरेदीखत असेल तर टाळलेला बरा. ती लिंक एखाद्या ग्रुपवर गेली की कोण कोण कागद बघेल याचा नेम नाही. फाईल दिसते पण डाउनलोडचे बटणच नाही, असे असेल तर मालकाने डाउनलोड बंद ठेवलेले असते. तेही त्यालाच सांगून चालू करून घ्यावे लागते.

परवानगी दिली तरी उघडत नसेल तर क्रोममध्ये कोणाचे खाते चालू आहे ते बघा. एकाच मोबाईलवर मुलाचे, बायकोचे आणि दुकानाचे अशी तीन खाती असली की हमखास गोंधळ होतो. इनकॉग्निटो खिडकी उघडायची, ज्याला परवानगी मिळाली त्या एकाच खात्याने लॉगिन करायचे आणि लिंक पुन्हा टाकायची. बऱ्याच वेळा काम इथेच होते. नाही झाले तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये थर्ड पार्टी कुकीज बंद आहेत का आणि जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन आडवे येतेय का, ते तपासावे.

‘नेटवर्क एरर’ हा मात्र आपल्याकडचा नेहमीचा पाहुणा. ५०० एमबीच्या फाईलला २ एमबीपीएसचा वेग सलग मिळाला तरी अर्ध्या तासाहून जास्त लागतो. तेवढा वेळ रेंज टिकायला हवी, आणि पावसात लाईट गेली की वायफायही जाते. एकच फाईल असेल तर क्रोमच्या डाउनलोड यादीत ‘रिझ्यूम’ दाबून बहुतेकदा पुढे चालू होते. कॉम्प्युटरवर ही यादी कंट्रोल आणि जे दाबून उघडते. पूर्ण फोल्डर घेतला असेल तर गोष्ट वेगळी. ड्राइव्ह त्याची झिप तिथल्या तिथे बनवून देतो, ती तुटली की बहुधा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून फोल्डर न उतरवता आतल्या फाईली एकेक करून घ्याव्यात. वेळ जास्त लागतो, पण हाती काही तरी राहते. मोठ्या फोल्डरच्या दोन-तीन झिप येतात, त्या वेळी ब्राउझर ‘अनेक फाईली उतरवू का’ असे विचारतो. तिथे नको म्हटले की निम्मे कागद येतच नाहीत.

नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ दिसले तर ती फाईल अर्धवट आहे. नाव बदलून ती उघडत नाही, उगाच प्रयत्न करू नये.

१०० एमबीहून मोठी फाईल असेल तर ‘व्हायरस तपासता येत नाही’ अशी सूचना येते. फाईल खराब आहे असा तिचा अर्थ नाही. पाठवणारा ओळखीचा असेल, त्याला फोन करून खात्री केली असेल, तर ‘तरीही डाउनलोड करा’ दाबावे. ‘कोटा संपला’ असे आले तर ती फाईल थोड्या वेळात फार लोकांनी उतरवलेली असते, जत्रेच्या व्हिडिओचे असे होऊ शकते. एक दिवस थांबायचे.

मोबाईलची जागाही बघावी. झिप सोडवायला तिच्याएवढीच जागा आणखी लागते. जुन्या पेनड्राइव्हवर, तो फॅट३२ पद्धतीचा असेल तर, ४ जीबीहून मोठी फाईल बसतच नाही, मग तो ३२ जीबीचा का असेना. आणि जुना कॉम्प्युटर लाईट गेल्यावर तारीख विसरत असेल तर साईटच उघडत नाही. तारीख आणि वेळ नीट लावावी, आतला सेल बदलावा.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचे १५ रुपये कापले गेले आणि पीडीएफ आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी त्याच पोर्टलवर व्यवहाराची स्थिती पाहावी, पॉप-अप अडवला गेला का तेही बघावे.

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कित्येक दिवस ना लाईट होती ना रेंज. तारखेचे कागद असतील तर ते दोन दिवस आधीच उतरवून एक प्रिंट काढून ठेवावी.