पुन्हा येणारी गाठ

१८०९ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या रानवट भागात जेन क्रॉफर्ड नावाची एक बाई राहत होती. वय शेहेचाळीसच्या आसपास, पदरी मुले. पोट वाढत चालले होते आणि दिवस उलटूनही सुटका होत नव्हती. दोघा वैद्यांनी ती गरोदर आहे असेच ठरविले होते. डॅनव्हिल गावाहून डॉक्टर इफ्रेम मॅकडॉवेल आले, त्यांनी तपासले आणि सांगितले, की हे मूल नव्हे. ही बीजकोशाची गाठ आहे.

त्या काळी पोट उघडणे म्हणजे मरण, असे युरोपातले नामांकित शस्त्रवैद्य सांगत. डॉक्टरांनी हे तिच्यापासून लपविले नाही. आपण करणार तो प्रयोग आहे, आणि तो करून घ्यायचा तर डॅनव्हिलला यावे लागेल, असे ते म्हणाले. बाई निघाली! साठ मैलांची वाट, भर हिवाळा आणि घोड्याची पाठ. खोगिराच्या उंचवट्यावर टेकून टेकून पोट काळेनिळे झाले होते. इथरची गुंगी जगापुढे यायला अजून सदतीस वर्षे होती. बाई स्तोत्रे म्हणत होती असे सांगतात. आतडी बाहेर आली, ती काम संपेपर्यंत आत घालता आली नाहीत. पंचवीस मिनिटांत साडेबावीस पौंडांचा ऐवज निघाला. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहतात तो बाई स्वतःचे अंथरूण नीट करीत आहे! (बायकांची जात, दुसरे काय?) पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली आणि १८४२ पर्यंत जगली.

ही हकीकत १८१७ साली छापून आली, तेव्हा लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी ती थट्टेवारी नेली. पुढे १८२६ मध्ये त्यांनीच जाहीर माफी मागितली.

बाई वाचते की नाही हा प्रश्न असा मागे पडत गेला, आणि त्याहून अवघड प्रश्न पुढे आला: काढलेली गाठ परत येईल काय? येथे डोळ्यांना दिसते त्यावर भरवसा ठेवून चालत नाही. पोटात आणि छातीत पाणी साचले, की रोग सर्वत्र पसरला असे समजून डॉक्टर हात टेकीत. १९३७ साली बोस्टनच्या जो मेग्ज यांनी सहकाऱ्यासह अशा सात रुग्णांची हकीकत दिली. त्यांच्या बीजकोशात साधी, तंतुमय गाठ होती; ती काढताच पाणी ओसरले. मरणाची खूण म्हणून ठरलेली गोष्ट खोटी ठरली.

याच्या उलट वागते ती ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ. स्त्रीबीजाला वेढून असणाऱ्या या पेशी. बीजकोशाच्या कर्करोगांत हिचे प्रमाण शेकडा दोन ते पाच. ती स्त्रीत्वाचे स्राव पाझरते. म्हणून विटाळ जाऊन वर्षे लोटलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव होतो. तो अंगावर न काढता लगेच दाखवावा, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगायलाच हवे. गाठ बीजकोशापुरतीच असेल तर बहुतेक बाया बऱ्या होतात. ती फुटलेली असेल तर परतीचा धोका वाढतो. पण ही गाठ फार सावकाश चालते. सगळे विसरून गेल्यावर, वीस-वीस वर्षांनीही ती पुन्हा डोके वर काढते.

२००९ साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांना प्रौढ वयातील अशा जवळजवळ प्रत्येक गाठीत फॉक्सएल२ या एकाच जनुकात, एकाच जागी, एकाच अक्षराचा बदल सापडला. ओळख पटविण्याचे काम त्याने सोपे केले. भाकितासाठी मात्र तो अपुरा पडतो, कारण खूण सगळ्यांच्याच कपाळी असेल तर कोणाची गाठ परतणार हे कसे सांगावे?

त्यापेक्षा उपयोगी पडतो तो इन्हिबिन हा पदार्थ. या पेशी तो रक्तात सोडतात. हॉलंडमधील डॉक्टरांनी १९८९ साली दाखविले, की गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी महिने आधीच रक्तातले त्याचे प्रमाण वाढू लागते. म्हणून चाळिशीत शस्त्रक्रिया झालेल्या बाईला साठीतही, नातवंडे मांडीवर असताना, तपासणीला बोलावतात. आपल्याला काही होत नाही, मग कशाला जायचे, असे ती म्हणते. आणि तिच्या सुनेने तिला घेऊन जायचे असते.