इलेक्ट्रिक गिटारचा स्विच आणि त्यामागचे वायरिंग

इलेक्ट्रिक गिटारच्या पहिल्या पिढीला स्विचची गरजच नव्हती. जॉर्ज बीचम यांचे नालाच्या आकाराच्या चुंबकाचे पिकअप १९३२च्या सुमारास लॅप स्टील गिटारवर बसून बाजारात आले. ते बनवणारी कंपनी पुढे रिकेनबॅकर या नावाने ओळखली गेली. गिब्सनच्या १९३६च्या ईएस-१५० वरही एकच पिकअप होते. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर कंप पावणारी पोलादी तार आणि वेढ्यांमध्ये उमटणारा क्षीण विद्युतप्रवाह, एवढाच सारा मामला. आवाज कमीजास्त करायला एक नॉब आणि धार कमी करायला दुसरा दिला की काम भागत असे.

प्रश्न सुरू झाला तो दुसरे पिकअप आल्यावर. ब्रिजजवळ तारेची हालचाल थोडी असते आणि वरचे स्वरांश तुलनेने ठळक असतात, म्हणून तिथला आवाज टोकदार येतो. मानेकडे मूळ स्वर जास्त भरतो आणि आवाज गोलसर होतो. दोन्ही जागी पिकअप बसवले, तर कोणते कधी चालू ठेवायचे आणि दोन्ही एकत्र कसे जोडायचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते. गिब्सनने १९४९मध्ये ईएस-५ वर तीन पिकअप दिले, पण स्विच दिला नाही. प्रत्येकाला आवाजाचा स्वतंत्र नॉब होता आणि तिघांत मिळून टोनचा एक. चालू वादनात रंग बदलायचा तर दोन-तीन नॉब फिरवावे लागत. काही वर्षांतच या गिटारची स्विच असलेली आवृत्ती काढावी लागली, यात नवल नाही.

कॅलिफोर्नियातील फुलर्टनमध्ये रेडिओदुरुस्तीतून वर आलेले लिओ फेंडर यांनी १९५०मध्ये ब्रॉडकास्टर आणले. पुढच्याच वर्षी ते टेलिकास्टर झाले. त्यावर तीन जागांचा स्विच होता, पण आज वादक गृहीत धरतात ती मांडणी त्यात नव्हती. स्विच मागे असताना ब्रिजचे पिकअप वाजे आणि दुसऱ्या नॉबने त्यात मानेकडचे पिकअप हवे तेवढे मिसळता येई. मधल्या जागी मानेकडचे पिकअप एकटे वाजे. पुढच्या जागी तेच पिकअप कपॅसिटरमधून जाऊन मंद, जाड, जवळजवळ बाससारखे ऐकू येई. १९५२मध्ये मिसळण्याचा नॉब जाऊन त्या जागी नेहमीचा टोन आला. परिणाम असा की त्यानंतर १९६७पर्यंत कारखान्यातून निघालेल्या टेलिकास्टरवर दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची सोयच उरली नाही. ती जाड पुढची जागा थोड्यांनाच हवी होती. अनेकांनी नॉबांची पुढची धातूची पट्टी उघडून सोल्डरिंग आयर्नने जोडण्या बदलून घेतल्या. कारखान्याने तोच बदल पंधरा वर्षांनी स्वीकारला.

याच कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९५४च्या या गिटारवर तीन पिकअप आणि पुन्हा तीन जागांचाच स्विच होता. एका वेळी एकच पिकअप वाजावे, हा त्यामागचा हेतू. टोनचे दोन नॉब मानेकडच्या आणि मधल्या पिकअपला जोडलेले. ब्रिजच्या पिकअपला टोन नव्हता. पण स्विचची पट्टी दोन खाचांच्या मध्ये अलगद अडकवली, तर शेजारची दोन्ही पिकअप एकाच वेळी जोडली जात आणि पोकळ, काचेसारखा चमकता आवाज निघे. वादकांनी तो शोधला, पसंत केला आणि पट्टी तिथे टिकून राहावी म्हणून धडपड केली. डायर स्ट्रेट्सच्या ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’मध्ये मार्क नॉफ्लर यांच्या गिटारचा जो आवाज जगाला ठाऊक आहे, तो मधल्या आणि ब्रिजच्या पिकअपच्या जोडीतला. फेंडरने पाच जागांचा स्विच १९७७मध्ये दिला, म्हणजे तेवीस वर्षांनी. या मधल्या जागांना आजही अनेक जण ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात. ते चूक आहे. दोन्ही पिकअपचे संकेत एकाच दिशेचे असतात. ती समांतर जोडलेली आहेत आणि तारेच्या दोन वेगळ्या ठिकाणांहून ऐकत आहेत, म्हणून काही स्वरांश परस्परांना खोडतात.

समांतर आणि एकसर जोडणीतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा बराचसा इतिहास त्यावरच उभा आहे. दोन कॉइल, म्हणजे तारेच्या वेढ्यांच्या गुंडाळ्या, समांतर जोडल्या की एकूण इंडक्टन्स घटतो आणि आवाज उजळतो. त्या एकामागून एक, म्हणजे एकसर जोडल्या की इंडक्टन्स वाढतो, संकेत जोरकस होतो आणि वरची धार कमी होते. बहुतेक कंपन्यांनी दोन पिकअपसाठी समांतर मार्ग धरला. नेथन डॅनियल यांच्या स्वस्त डॅनइलेक्ट्रो गिटारवर मात्र लिपस्टिकच्या नळीत बसवलेली दोन पिकअप एकसर जोडलेली असत, आणि मधल्या जागेवर आवाज एकदम भरदार होई.

एका कॉइलच्या पिकअपची जुनी पीडा म्हणजे विजेच्या मुख्य पुरवठ्याची घरघर, अमेरिकेत ६० हर्ट्झची आणि भारतात ५० हर्ट्झची. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी तिच्यावरचा उपाय १९५५मध्ये पेटंटसाठी दाखल केला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दोन्ही उलट करायचे आणि त्या एकसर जोडायच्या. तारेचा संकेत दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची घरघर परस्परांना छेदून जाते. १९५७पासून हमबकर नावाचे हे पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर दिसू लागले. त्याचा आवाज जाड असल्याने नॉबखाली ५०० किलोओहमचे पॉट, म्हणजे बदलता रोध, वापरण्याची रीत पडली. एका कॉइलच्या पिकअपला साधारण २५० किलोओहम पुरतात, कारण कमी रोधाचा पॉट वरची धार खातो.

लेस पॉलच्या वायरिंगलाही त्याचा स्वभाव आहे. दोन पिकअप, चार नॉब आणि खांद्याजवळ ‘ऱ्हिदम’ व ‘ट्रेबल’ लिहिलेला तीन जागांचा स्विच. स्विच मध्ये ठेवून एका पिकअपचा आवाज शून्यावर आणला की दुसरेही गप्प होते, कारण दोन्ही पॉट एकमेकांत गुंतलेले असतात. काहींना ही खोड वाटते, तर काही वादक त्याचाच उपयोग करून आवाज झटक्यात तोडतात.

साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर कंपन्यांनी आधीच ठरवलेल्या पर्यायांची रेलचेल केली. गिब्सनच्या ईएस-३४५ वर १९५९मध्ये व्हॅरिटोन हा सहा जागांचा टोन-स्विच आला. फेंडरच्या १९५८च्या जॅझमास्टरवर ऱ्हिदमसाठी वेगळे सर्किट, तर १९६२च्या जॅग्वारवर छोट्या सरकत्या स्विचांची रांगच होती. जॅझमास्टर जॅझवाल्यांसाठी होते. ते हाती घेतले सर्फ संगीत वाजवणाऱ्या पोरांनी. घडीव पर्यायांपेक्षा दुरुस्तीतून आणि अपघातातून आलेले आवाज अधिक टिकले, हे या काळाकडे पाहून म्हणावेसे वाटते. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या लेस पॉलमधील एका पिकअपचा चुंबक उलटा बसला होता. दोन्ही पिकअप चालू असताना त्यातून जो नाकातला, विरळ स्वर निघे, तो ऐकून अनेकांनी आपापल्या गिटारवर फेजचा स्विच लावला. गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३पासून वडील हॅरॉल्ड यांच्यासह घरीच घडवलेल्या ‘रेड स्पेशल’वर बर्न्स कंपनीची तीन पिकअप एकसर जोडली आणि प्रत्येकाला चालू-बंद व फेज असे दोन-दोन स्विच दिले. त्यातून अनेक जोड्या मिळतात.

सत्तरच्या दशकात बदली पिकअपचा धंदा उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ यांच्या आणि नंतर सेमूर डंकन यांच्या पिकअपनी हमबकरच्या दोन्ही कॉइलची टोके वेगळी बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. चार वायरी हाती आल्या की एक कॉइल बंद करता येते, दोन्ही समांतर करता येतात, फेज उलटवता येते. ओढून वर येणारे पॉट आणि छोटे टॉगल घेऊन लोक घरी बसले. पॉल रीड स्मिथ यांनी १९८५मध्ये हीच विविधता पाच जागांच्या गोल स्विचमध्ये बसवली. याउलट एडी व्हॅन हेलन यांच्या गाजलेल्या गिटारवर ब्रिजजवळचे हमबकर आणि आवाजाचा एक नॉब एवढेच कामाचे होते.

टेलिकास्टरच्या वायरिंगलाही या प्रयोगांतून चौथी जागा मिळाली. तीन नेहमीच्या जागा आणि त्यापुढे दोन्ही पिकअप एकसर, असा चार जागांचा स्विच आज सर्रास मिळतो. तो बसवण्याआधी मानेकडच्या पिकअपच्या धातूच्या झाकणाची अर्थ-जोडणी कॉइलच्या टोकापासून सोडवून वेगळ्या वायरीने करावी लागते. तसे केले नाही, तर एकसर जोडणीत ते झाकण संकेताच्या वाटेत येते आणि त्याला हात लागताच घरघर वाढते.