मोती, तेल आणि काँक्रीट : सालमिया आणि जपानी वास्तुकलेचा अभ्यास

सालमिया हा कुवेतच्या हवल्ली प्रांतातला, समुद्राला लागून असलेला दाट वस्तीचा भाग. तेलाचा पैसा येण्याआधी इथे दिमना नावाचे छोटे गाव होते. १९५० च्या दशकात त्याला आजचे नाव मिळाले. आता सालेम अल-मुबारक रस्त्यावरची दुकाने, भाड्याच्या फ्लॅटच्या इमारती आणि भारतीय शाळा ही त्याची ओळख आहे. नोकरीनिमित्त आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे बिऱ्हाडही इथेच. आधुनिक जपानी वास्तुकला आणि जागतिकीकरण हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय वरवर पाहता या वस्तीपासून दूरचा वाटतो. पण जपान आणि कुवेत यांचा संबंध तीन टप्प्यांत घडला आणि त्याच्या खुणा या किनाऱ्यावर आणि आसपास सापडतात.

पहिला टप्पा मोत्यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुवेतची उपजीविका मोती काढणे, जहाजबांधणी आणि सागरी व्यापार यांवर चालत असे. मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती. जहाजांसाठी लागणारे सागवान मलबारहून येई आणि १९६१ मध्ये कुवेती दिनार येईपर्यंत चलनही रुपयाचेच होते. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढवण्यात यश मिळवले. पुढे अशा पद्धतीने वाढवलेले गोल मोतीही मोठ्या प्रमाणावर बाजारात येऊ लागले. त्याच सुमारास जागतिक मंदी आली आणि १९३० च्या दशकात आखाती मोत्यांचा धंदा बसला. त्या काळाची एक साक्ष सालमियात आजही पाहता येते. १९३८ मध्ये बांधलेले ‘फतह अल-खैर’ हे लाकडी गलबत इथल्या सायंटिफिक सेंटर या मत्स्यालय असलेल्या केंद्राच्या धक्क्याला ठेवलेले आहे. तेलाआधीच्या कुवेती जहाजांपैकी टिकून राहिलेले ते शेवटचे मानले जाते.

दुसरा टप्पा तेलाचा. १९३८ मध्येच कुवेतमधील बुरगानला तेल लागले आणि १९४६ पासून त्याची निर्यात सुरू झाली. युद्धातून सावरणाऱ्या जपानला इंधनाची निकड होती. तारो यामाशिता यांच्या अरेबियन ऑइल कंपनीने १९५७ मध्ये सौदी अरेबियाशी आणि १९५८ मध्ये कुवेतशी करार करून दोन्ही देशांमधल्या तटस्थ पट्ट्यालगतच्या समुद्रात तेल शोधण्याचा हक्क मिळवला. १९६० मध्ये खफजी इथे तेल सापडले. ज्या देशाच्या मोत्यांमुळे कुवेतच्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचे काम गेले, तोच देश आता कुवेतच्या तेलाचा ग्राहक झाला.

तिसरा टप्पा इमारतींचा. कुवेतने १९५२ मध्ये मिनोप्रिओ, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन या ब्रिटिश नियोजकांकडून नगररचनेचा आराखडा करून घेतला. जुन्या शहराभोवतीची तटबंदी १९५७ मध्ये पाडली गेली आणि तिच्या बाहेर वर्तुळाकार रस्त्यांमध्ये कुवेती नागरिकांसाठी आखीव वसाहती उभ्या राहिल्या. सालमिया आणि हवल्ली या वसाहतींच्या पलीकडे वाढले. इथे जमीनमालक कुवेती, तर भाडेकरू बहुतांशी परदेशी, अशी घडण झाली. सरकारी कामांसाठी मात्र जगभरच्या नामवंत वास्तुविशारदांना बोलावले जाई. मध्यवर्ती बँक डेन्मार्कच्या आर्ने याकबसेन यांची आणि संसदभवन योर्न उत्सोन यांचे. विमानतळाचे काम जपानच्या केन्झो तांगे यांच्याकडे गेले.

तांगे (१९१३–२००५) तोवर जपानच्या नव्या वास्तुकलेचा चेहरा बनले होते. हिरोशिमाचे शांतिस्मारक, टोकियोच्या उपसागरावर शहर वाढवण्याची १९६० ची योजना आणि १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी योयोगी इथे बांधलेली क्रीडागारे ही त्यांची कामे गाजली होती. टोकियो विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधन आणि प्रत्यक्ष काम एकत्र चाले. किशो कुरोकावा आणि अराता इसोझाकी तिथूनच घडले. कुवेत विमानतळाचे काम १९६७ मध्ये सुरू होऊन १९७९ मध्ये संपले. वरून पाहिले तर ही इमारत पंख पसरलेल्या विमानासारखी दिसते.

याच काळात कुवेतने टोकियोतील आपल्या वकिलातीची इमारतही तांगे यांच्याकडून बांधून घेतली. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत उभे काँक्रीटचे गाभे आहेत. जिने, लिफ्ट आणि नळ त्यांच्या पोटात आहेत. त्या गाभ्यांमधून मजले बाहेर आलेले असून, मजल्यांच्या मध्ये मोकळ्या जागा आणि गच्च्या सोडल्या आहेत. खाली कचेरी आणि वर राजदूतांचे निवासस्थान. वाढणारे, बदलणारे शहर कसे असावे याविषयीचा तांगे यांचा विचार या एका छोट्या भूखंडावर नीट वाचता येतो. त्यासाठी पैसा मात्र आखातातून आला होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर जपानमधील बांधकामे मंदावली आणि तांगे यांचे काम अरब देशांत, आफ्रिकेत आणि पुढे सिंगापूरमध्ये वाढत गेले.

या घडामोडींकडे अभ्यासकांचे लक्ष वळायला वेळ लागला. जपानी वास्तुकलेचे पूर्वीचे लेखन प्रामुख्याने जपानमधील इमारतींपुरते आणि परंपरा विरुद्ध आधुनिकता या वादापुरते मर्यादित होते. २०११ मध्ये रेम कोलहास आणि हान्स उलरिख ओब्रिस्ट यांचे ‘प्रोजेक्ट जपान’ हे पुस्तक आले आणि त्यात जपानी वास्तुविशारदांच्या आखातातील कामांनाही जागा मिळाली. त्याच वर्षी तांगे यांच्या कागदपत्रांचा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाकडे आला.

कुवेतच्या बाजूने अभ्यास पुढे नेणाऱ्यांत इतिहासकार फरह अल-नकीब यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्या सालमियातीलच अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ कुवेतमध्ये अध्यापन करत होत्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कुवेत ट्रान्सफॉर्म्ड’ या ग्रंथात त्यांनी तेलाच्या पैशाने शहरातला सामाजिक सहवास कसा बदलला याचा शोध घेतला. त्याच वर्षी रोबेर्तो फाब्री, सारा सारागोसा आणि रिकार्दो कामाचो यांनी १९४९ ते १९८९ दरम्यानच्या कुवेती इमारतींची विस्तृत नोंद प्रसिद्ध केली. वूकाश स्तानेक यांनी २०२० मध्ये दाखवून दिले की कुवेतमध्ये पोलंडसारख्या समाजवादी देशांतले वास्तुविशारदही काम करत होते. त्यामुळे जागतिकीकरण म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एकच प्रवाह, ही समजूत मागे पडली.

या विषयात अभ्यासकापुढची अडचण साधनांची आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. त्या ताब्याच्या काळात सरकारी दप्तरे लुटली गेली आणि त्यांचा मोठा भाग कुवेतला परत मिळालेला नाही. वास्तुविशारदांचे नकाशे परदेशी संग्रहालयांत उरले, पण ज्यांनी ते मागवले त्यांच्या फायली हरवल्या. म्हणून रहिवाशांच्या आठवणी हे इथे महत्त्वाचे साधन ठरते, आणि त्यात सालमियाच्या भारतीयांचे स्थान मोठे आहे. विमानतळ बंद पडल्याने लाखाहून अधिक भारतीयांना इराकमार्गे जॉर्डनची राजधानी अम्मान गाठावी लागली; तिथून एअर इंडियाच्या विमानांनी ते मुंबईला पोहोचले. तांगे यांच्या विमानतळ इमारतीच्या इतिहासात तिच्या रेखाटनांइतकाच ताब्याच्या या महिन्यांचाही समावेश व्हायला हवा.

पुढच्या काळाचे उदाहरण सालमियातच आहे. २००० मध्ये सुरू झालेले सायंटिफिक सेंटर केंब्रिज सेव्हन असोसिएट्स या अमेरिकन संस्थेने रचले. जपानमधील ओसाका इथले, १९९० मध्ये खुले झालेले कैयुकान मत्स्यालयही याच संस्थेचे. ओसाकात आजमावलेली मत्स्यालयाची रचना दहा वर्षांनी अमेरिकन हातांनी कुवेतच्या किनाऱ्यावर आली. तिला आकार मात्र आखाती गलबतांच्या शिडांचा देण्यात आला. अशा इमारतीला जपानी, अमेरिकी की कुवेती म्हणायचे, हा प्रश्न दुय्यम आहे. अभ्यासकाचे काम पैसा, कारागिरी, कल्पना आणि वापरणारी माणसे कुठून कुठे गेली हे पुराव्यानिशी दाखवणे. सालमियात त्या प्रवासातले मोती, तेल आणि काँक्रीट हे तिन्ही टप्पे एकाच किनाऱ्यावरून तपासता येतात.