चीर मोठी की छिद्र लहान?



कुणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, की घरात हल्ली पहिला प्रश्न निघतो, "दुर्बिणीतून होणार, की पोट उघडून?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर या दोन्ही रीती कुठून आल्या, ते आधी पाहिलं पाहिजे.

पोट उघडण्याची रीत एखाद्या मोठ्या रुग्णालयात जन्मली असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १८०९ साली अमेरिकेतील केंटकी प्रांतात, डॅनव्हिल या लहानशा गावी एफ्रेम मॅकडॉवेल नावाच्या डॉक्टरांनी आपल्या राहत्या घरात जेन क्रॉफर्ड या बाईच्या पोटातून सुमारे २२ पौंडांची गाठ काढली. बाई साठ मैल घोड्यावर बसून आली होती. भुलीचं औषध नव्हतं. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनला झाला तो १८४६ साली. जंतुनाशनाची लिस्टरची पद्धत आली ती १८६७ साली. तरी बाई वाचली आणि पुढं तीस वर्षांहून अधिक जगली. असं दैव सर्वांचं नसे. भूल आणि स्वच्छता आल्यावरच पोट उघडणं भरवशाचं झालं.

दुर्बिणीची वाट पुढं निघाली. १९०१ साली जर्मनीत गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिलं. १९१० साली स्वीडनच्या याकोबेउस यांनी माणसाच्या पोटात पाहिलं. १९८५ साली एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांची टर उडवली. पुढं त्यांनीच गौरवही केला.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बीण निदानासाठी वापरली. सोनोग्राफी हाताशी नव्हती, त्या काळी गरिबाचं पोट न फाडता आतलं दुखणं कळे, हा केवढा लाभ! १९९० साली त्यांनी तिथंच दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. जखम लहान, टाके थोडे, जखम चिघळण्याचं भय कमी, आणि माणूस लवकर कामावर. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला हे दिवस पैशाहून मोलाचे.

मग सगळीकडे दुर्बीणच का नको? तर तिला पुष्कळ सरंजाम लागतो. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू, दिवा, कॅमेरा, न जाणारी वीज, बिघाड काढणारा कारागीर. वायूचा दाब छातीच्या पडद्यावर येतो, म्हणून बहुधा पूर्ण भूल आणि ती देणारा तज्ज्ञ हवा. लहान रुग्णालयात यातलं एक तरी नसतंच. यावर तोडगा निघाला आहे: वायू न भरता पोटाची भिंत आकड्यानं किंवा कडीनं वर उचलायची आणि कमरेत सुई देऊन भूल द्यायची. ईशान्य भारतातल्या ग्रामीण रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

पण छिद्र लहान म्हणून धोका लहान, असं मात्र समजू नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात, वापरात नसलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत, एकाच सर्जननं काही तासांत ८३ स्त्रियांची दुर्बिणीतून नसबंदी केली. त्या आणि त्याच सुमाराच्या शिबिरांनंतर डझनभराहून अधिक स्त्रिया दगावल्या. कारण जंतुदोष की सदोष औषध, यावर वाद झाला. घाईवर आणि अस्वच्छतेवर मात्र पुष्कळांनी बोट ठेवलं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. दोष दुर्बिणीचा नव्हता. ती हत्यारं किती वेळात, कशी निर्जंतुक केली, हा खरा सवाल होता.

तेव्हा गावातल्या जाणत्यांनी, विशेषतः शिक्षकांनी, लोकांना चार प्रश्न विचारायला शिकवावं. हत्यारं प्रत्येक रोग्यामागं निर्जंतुक होतात का? भूल कोण देणार? वीज गेली तर सोय काय? आणि आत रक्तस्राव झाला तर पोट उघडून तो थांबवणारा हात तिथं आहे का? कारण दुर्बिणीचं काम अडलं, की सर्जनला अखेर जुन्याच वाटेनं जावं लागतं. या चारही प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तर दुर्बीण खुशाल पत्करा. न मिळाली, तर जिथं ती मिळतील अशा ठिकाणी मोठी चीर घेऊन ऑपरेशन झालेलं बरं. चार टाके जास्त पडतील, पण माणूस घरी येईल.