एक वाल, दोन नावे

इंग्लंडात 'चिप्स' मागा, बटाट्याच्या गरम तळलेल्या फोडी येतील. अमेरिकेत त्याच नावाने कुरकुरीत काचऱ्या येतात. आपण त्यांना वेफर म्हणतो! हसू नका. हाच खेळ आपल्या पेण-रोह्यातही चालतो. मोड आणून सोललेल्या वालाचे इकडे बिरडे होते. घाट चढून पुण्यास जा, त्याच्या डाळिंब्या होतात. भाकरीचे नेमके उलट. नाव एकच, पण रोह्यात ती तांदळाची, घाटावर ज्वारीची. इकडे पावसाळ्यात भात, आणि भात कापल्यावर खाचरात राहिलेल्या ओलीवर वाल. जसे पीक तसे ताट. तेव्हा घाटावरून बदलून आलेल्या गुरुजींनी मुलाच्या वहीतल्या 'बिरडे' या शब्दाखाली लाल रेघ ओढू नये. पोर उद्यापासून घरचे काही लिहिणारच नाही.

'बटाटा' तरी कुठे आपला? शब्द पोर्तुगीजांचा. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्रास मिळते, त्या रेवदंड्यास ते १७४० पर्यंत ठाण मांडून होते. आता तोच बटाटा थंडीत वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात जातो. भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ, पाण्याचा थेंब नाही. याला म्हणतात पोपटी. पुण्याच्या पाहुण्याने तीत पोपट शोधू नये!